माता म्हणजे डोळा

इंडोनेशियात मराठी प्रवाशाला एक सोय मिळते, जी थायलंडात, कंबोडियात किंवा म्यानमारमध्ये मिळत नाही. इंडोनेशियातल्या पाट्या रोमन लिपीत असतात. अर्थ कळो न कळो, शब्द वाचता येतो, मोठ्याने म्हणता येतो, आणि म्हटला की कानाला काहीतरी ओळखीचे लागते. जावा बेटावरच्या योग्यकर्ता शहरात हे पावलोपावली घडते. डोळ्यांच्या दवाखान्यावर 'माता' लिहिलेले असते. फुटपाथवरच्या फेरीवाल्यांना 'काकी लिमा' म्हणतात. विजेच्या पेटीवर 'बहाया' असते, बाजाराला 'पसार' म्हणतात, आणि दिवसाला 'हारी'. आपला माणूस हे वाचतो आणि त्याला वाटते, हे तर सगळे आपलेच. माझे म्हणणे असे की ही ओळख हा फार बेभरवशाचा साक्षीदार आहे. तो कधी खरे बोलतो, कधी साफ खोटे. आणि दोन्ही वेळा त्याचा आवाज तितकाच ठाम असतो. वर दिलेल्या पाच शब्दांपैकी 'बहाया' खरोखर आपला आहे, तो संस्कृत 'भय'. 'पसार' ऐकताच आपल्याला पसारा आठवतो, पण तो फारसी 'बाजार' आहे, म्हणजे नाते आहे पण आपण समजतो त्या शब्दाशी नाही. 'माता', 'काकी' आणि 'हारी' यांचा मात्र आपल्याशी काडीचाही संबंध नाही. ही निवड कानाने होत नाही. ती करायला दुसरा पुरावा लागतो, आणि तो पुरावा शोधण्यातच जावाच्या प्रवासाची अर्धी गोडी आहे असे मला वाटते.

'माता'पासूनच सुरुवात करू. इंडोनेशियन भाषेत 'माता' म्हणजे डोळा, 'हारी' म्हणजे दिवस, आणि 'माताहारी' म्हणजे सूर्य, दिवसाचा डोळा. 'आइर' म्हणजे पाणी, म्हणून 'माता आइर' म्हणजे झरा. 'काकी' म्हणजे पाय, म्हणून 'माता काकी' म्हणजे पायाचा घोटा. 'माता-माता' असे दोनदा म्हटले की हेर. या एका शब्दाभोवती भाषेने किती बांधकाम केले आहे हे पाहिले की तो परका पाहुणा नसून घरचा कर्ता आहे एवढा संशय तरी यावा. पण नुसता संशय पुरेसा नाही. भावंडे दाखवावी लागतात. ती दाखवता येतात, आणि कुठे कुठे! फिलिपाइन्सच्या तागालोग भाषेत डोळा म्हणजे 'माता'. फिजीत 'माता', सामोआत 'माता', न्यूझीलंडच्या माओरीत 'माता', चिलीच्या किनाऱ्यापासून हजारो किलोमीटर दूर असलेल्या ईस्टर बेटावर 'माता'. हवाईत 'माका', आणि आफ्रिकेशेजारच्या मादागास्करमध्ये 'मासो'. ऑस्ट्रोनेशियन भाषाकुलाचा हा विस्तार आहे. या कुलाचे मूळ अभ्यासक तैवानमध्ये शोधतात, आणि तिथल्या आदिवासी भाषांमध्येही हा शब्द आहेच. संस्कृत घेऊन कोणी ईस्टर बेटावर गेले नव्हते. मग तिथला डोळा आणि जावातला डोळा एकाच नावाचे कसे, याला एकच उत्तर उरते: हा शब्द समुद्रावर होड्या हाकणाऱ्या त्या लोकांचा स्वतःचा आहे.

हवाईत 'त'चा 'क' झाला हे वाचून कोणी म्हणेल की ही तर मनाला येईल तशी सोडवणूक झाली. तसे नाही. हवाईत 'त'चा 'क' सगळीकडे होतो. इतर बेटांवर निषिद्ध गोष्टीला 'तापू' म्हणतात, हवाईत 'कापू'. माओरीत मेलेल्याला 'माते' म्हणतात, हवाईत 'माके'. बदल नियमाने होतो, म्हणूनच तो पुरावा ठरतो. हा मेलेला इंडोनेशियनमध्ये 'माती' होतो, आणि इथे मराठी कानाला दुसरा सापळा लागतो. माणूस मेला की मातीला मिळतो, तेव्हा 'माती' म्हणजे मृत हे किती चपखल! शिवाय 'मृत' आणि 'माती' यांत म आणि त आहेतच. पण हाच न्याय लावायचा तर अरबांचा दावा आपल्याहून बळकट ठरेल, कारण अरबीत 'माता' म्हणजे 'तो मेला'. आपण उर्दूमार्गे ओळखतो ती 'मौत' त्याच धातूची. जावात इस्लाम शतकानुशतके आहे आणि इंडोनेशियन भाषेत अरबी शब्द भरपूर आहेत. तेव्हा एकाच शब्दावर संस्कृत आणि अरबी असे दोन हक्कदार उभे राहतात, दोघांकडेही संपर्काचा इतिहास आहे, दोघांकडेही नाद आहे आणि अर्थही आहे. तरीही दोघेही चूक, कारण माओरींच्या बेटांवर शब्द पेरायला ना ब्राह्मण गेले होते ना अरब व्यापारी. आपल्या 'माती'चे मूळ संस्कृत 'मृत्तिका', ती अगदी वेगळ्या वाटेने मराठीत आली. तीन भाषाकुलांत मृत्यूच्या शब्दात म आणि त एकत्र आले, हा योगायोग आहे. तोंडातून सहज निघणारे ध्वनी मोजकेच, शब्द लहान, आणि भाषा हजारो; असे योगायोग झाले नसते तरच नवल.

हा सापळा फक्त हौशी प्रवाशांसाठी नाही. इंडोनेशियनमध्ये दोन म्हणजे 'दुआ'. आपले 'दोन', संस्कृत 'द्व', लॅटिन 'दुओ', फारसी 'दो' या रांगेत 'दुआ' असा काही शोभून बसतो की नाते नाकारणाराच वेडा वाटावा. संस्कृत, ग्रीक, लॅटिन या भाषांचे नाते क्रियापदांच्या रूपांवरून पद्धतशीर मांडणारे जर्मन पंडित फ्रान्झ बॉप यांनी 1841 मध्ये मलय-पॉलिनेशियन भाषा इंडो-युरोपीय भाषांच्या नात्यातल्या आहेत असा प्रबंधच लिहिला. तो टिकला नाही. 'दुआ'ची भावंडे पाहा: माओरीत 'रुआ', हवाईत 'लुआ', मादागास्करमध्ये 'रुआ', आणि तैवानच्या पायवान भाषेत 'दुसा'. मूळ शब्दात मध्ये एक 'स'सारखा ध्वनी होता, तो मलय भाषेत, म्हणजे इंडोनेशियन जिच्यातून आली त्या भाषेत, गळला, आणि गळल्यामुळे शब्द आपल्या 'द्व'सारखा दिसू लागला. मागे जावे तसे साम्य वाढत गेले असते तर ते नाते ठरले असते. इथे मागे जाताना साम्य कमी होते. आता उलट बाजू. आर्मेनियन भाषेत दोनला 'एर्कू' म्हणतात. 'द्व' आणि 'एर्कू' यांत कानाला काहीही सारखे सापडणार नाही, तरी 'एर्कू' हा आपल्या 'दोन'चा सख्ख्या घराण्यातला भाऊ आहे. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ आंत्वान मेये यांनी दाखवले की शब्दाच्या सुरुवातीच्या मूळ 'द्व'चा आर्मेनियनमध्ये 'एर्क' होतो. लांब या अर्थाचा आर्मेनियन शब्द 'एर्कार', तो आपल्या 'दूर'च्या नात्यातला. जावातला 'दुआ' हुबेहूब दिसून परका, आणि कॉकेशसच्या डोंगरांतला 'एर्कू' ओळखूसुद्धा येत नाही, पण आपला. या दोन उदाहरणांनंतर नादावर विसंबायचे कारणच उरत नाही.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे. जावा काही ईस्टर बेट नव्हे. बोर्निओच्या पूर्व भागात कुताई इथे राजा मूलवर्मन याचे यूपस्तंभ सापडले आहेत. इसवी सन 400च्या सुमाराचे, पल्लव लिपीत, संस्कृतात. जावातच बोगोरजवळ चियारुतेऊन नदीच्या दगडावर राजा पूर्णवर्मन याची पावले कोरलेली आहेत आणि शिलालेखात ती विष्णूच्या पावलांसारखी म्हटली आहेत. योग्यकर्त्याजवळची प्रांबानानची मंदिरे पाहताना ज्या शिवगृह लेखाचा आधार घेतात, त्याचे वर्ष शके 778, म्हणजे इ.स. 856. आपल्या पंचांगात आजही चालतो तोच हा शक. इतका जुना आणि दाट संबंध असताना प्रत्येक सारख्या शब्दाला संस्कृत का मानू नये? उत्तर असे की संबंधामुळे उसनवारी शक्य होते, सिद्ध होत नाही. उसने घेतलेले शब्द खरोखर आहेत आणि थोडेथोडके नाहीत. झोएतमुल्डर यांच्या 1982 साली निघालेल्या जुन्या जावानीज भाषेच्या कोशात पंचवीस हजारांहून अधिक नोंदी आहेत आणि जवळजवळ निम्म्यांचे मूळ संस्कृत आहे. पण कोशातली गर्दी म्हणजे भाषेचा सांगाडा नव्हे. विल्हेल्म फॉन हुम्बोल्ट यांचा कवी भाषेवरचा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर 1836 ते 1839 मध्ये छापला गेला. संस्कृत शब्दांनी भरलेली ही जुनी जावानीज भाषा बांधणीने मात्र मलय घराण्याचीच आहे, हे त्यात त्यांनी दाखवले. बॉप यांच्या प्रबंधाच्या आधीच उत्तर छापून तयार होते.

काही जण इथे सोपी वाटणी करतात: धर्म, राज्य आणि चैनीच्या वस्तू यांचे शब्द परके, शरीर आणि घर यांचे शब्द देशी. काचेला 'काचा', किल्लीला 'कुन्ची' (संस्कृत 'कुञ्चिका'), शहराला 'कोता' (आपला 'कोट') हे या वाटणीत नीट बसते. पण डोके म्हणजे 'कपाला', आणि ते संस्कृत 'कपाल' आहे. चेहरा म्हणजे 'मुका', तो 'मुख'. इतकेच काय, इंडोनेशियन माणूस दिवसातून शंभरदा 'साया', म्हणजे 'मी', म्हणतो तो 'साया' आला आहे 'सहाय'वरून: सोबती, मग सेवक, मग नम्रपणे स्वतःला 'मी आपला सेवक' म्हणणारा, आणि शेवटी साधा 'मी'. शरीराचे आणि सर्वनामाचे शब्दसुद्धा उसने येऊ शकतात, तेव्हा ही वाटणी पुरत नाही. भावंडांची कसोटी मात्र इथेही चालते. 'कपाला'ला बेटांवर भावंडे नाहीत. डोक्याचा जुना देशी शब्द 'हुलू', तो बाजूला सरला आणि नदीच्या उगमाकडच्या भागाला 'हुलू' आणि प्रमुखाला 'पंघुलू' एवढ्यापुरता उरला. उपरा शब्द कुणाला सरकवून बसला हे दाखवता येते, आणि सरकलेल्याचा पत्ताही देता येतो. याला म्हणतात पुरावा. गावाच्या सरपंचाला इंडोनेशियात 'कपाला देसा' म्हणतात. कपाल आणि देश हे दोन शब्द आपल्याकडचे, पण ते जोडून सरपंच आपण कधीच केला नव्हता. शब्द आपला असला तरी त्याचे पुढचे आयुष्य त्यांचे आहे.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे आणि मला तो टाळायचा नाही. इंडोनेशियनमध्ये 'चिंता' म्हणजे प्रेम. 'सेंगसारा' म्हणजे हालअपेष्टा, आणि तो 'संसार' आहे. अर्थ इतका बदललेला चालतो, तर आई आणि डोळा यांच्यात नाते का जोडू नये? आई जपते, डोळाही वाट दाखवतो. अशी जुळवाजुळव कोणत्याही दोन वस्तूंमध्ये करता येते, हाच तिचा दोष. 'चिंता'चा संस्कृतातला मूळ अर्थ विचार, मनात धरून ठेवणे. त्यातून आपण काळजीकडे गेलो, ते प्रेमाकडे गेले. संसाराला बौद्ध आणि शैव ग्रंथ दुःखाचे चक्र म्हणतात. आपण त्यातला घरप्रपंच उचलला, त्यांनी त्यातले दुःख उचलले. पण हे स्पष्टीकरण नाते सिद्ध झाल्यावरचे आहे. हे दोन शब्द माओरी किंवा हवाईयनसारख्या दूरच्या भाषाभगिनींत नाहीत, जुन्या जावानीज ग्रंथांत ते संस्कृत शब्दांच्या सोबतीने येतात, रूप जुळते. मग अर्थाची वाट शोधायची. अर्थाची वाट आधी कल्पून तिच्या जोरावर नाते लावले की व्युत्पत्तीची जागा कोटी घेते. आपल्याकडे पु. ना. ओक यांनी व्हॅटिकनला वाटिका म्हटले, आणि ते अजूनही आवडीने सांगितले जाते. मला त्यातल्या अभिमानाचा राग नाही, पण पद्धतीचा आहे. त्या पद्धतीने आपण जगात जिथे जाऊ तिथे आपल्यालाच भेटतो आणि समोरच्या माणसाची भाषा ऐकूच येत नाही.

एकच रूप म्हणजे एकच शब्द हे तर एका भाषेतसुद्धा खरे नाही. मराठीत पावशेरातला 'पाव' संस्कृत 'पाद' आहे, वड्याबरोबरचा 'पाव' पोर्तुगीज भाषेतून गोव्यामार्गे आला, आणि देव 'पाव'तो तो 'प्राप्'वरून. इंडोनेशियनमध्ये 'बिसा' म्हणजे 'करू शकणे', हा शब्द जावानीजमधला. आणि सापाचा 'बिसा' म्हणजे संस्कृत 'विष'. दोघांचे स्पेलिंग एक, उच्चार एक, दारे दोन.

योग्यकर्त्यात सरकारी कचेरीत गेले की भिंतीवर गरुडाचे राष्ट्रचिन्ह दिसते. गरुडाने पायांत एक पट्टी धरली आहे आणि तिच्यावरच्या ब्रीदवाक्याचा पहिला शब्द आहे 'भिन्नेका', शेवटचा 'इका'. हे ब्रीद चौदाव्या शतकात मजपाहित राज्यात म्पू तांतुलार यांनी रचलेल्या 'सुतसोम' काव्यातले. विविधतेत एकता असा त्याचा भाव आपल्याला सांगितला जातो आणि आपण लगेच 'भिन्न' आणि 'एक' वाचतो. 'भिन्न' बरोबर आहे. पण 'एक' तिथे नाही. एकतेचा शब्द मधला 'तुंगल', तो देशी. 'इका' हे जुन्या जावानीजमधले दर्शक सर्वनाम, 'ते'. 'भिन्नेका' म्हणजे भिन्न + इका. शाळेत संस्कृत शिकलेल्याला इथे खूण सापडेल: अ आणि इ मिळून ए होतो, हा गुणसंधी, 'भिन्न' आणि 'एक' मिळाले असते तर 'एकैक'प्रमाणे 'भिन्नैक' व्हायला हवे होते. संधीचे सगळे नियम जुन्या जावानीजने काटेकोर पाळले असे नाही, म्हणून एवढ्यावर निकाल देत नाही. निकाल देतो तो 'इका'चा त्या भाषेतला सर्रास वापर. एका शब्दात संस्कृत विशेषण आणि देशी सर्वनाम संस्कृत संधीने जोडलेले आहे. जावाने आपल्याकडून काय घेतले आणि स्वतःचे काय राखले, हे एवढ्या कमी जागेत दाखवणारा दुसरा शब्द मला माहीत नाही. त्याला नुसते 'भिन्न-एक' म्हणणे म्हणजे त्यातला जावानीज माणूस खोडून टाकणे.

मी संस्कृतचे श्रेय कमी करायला निघालो आहे असे कोणाला वाटत असेल तर योग्यकर्त्याच्या मालिओबोरो रस्त्यावर यावे. हे नाव इंग्रज सरदार ड्यूक ऑफ मार्लबरोवरून पडले असे प्रवाशांना अनेकदा सांगितले जाते. नाद जुळतो, आणि 1811 ते 1816 या काळात जावावर इंग्रजांचा अंमल होता हेही खरे. सुमात्रात इंग्रजांचा मार्लबरो नावाचा किल्ला आजही उभा आहे. पण इतिहासकार पीटर कॅरी यांनी 1984 मध्ये मांडले की हे नाव संस्कृत 'माल्यभर', हारांनी भरलेला, यावरून आहे. योग्यकर्त्याचे राज्य 1755च्या करारानंतर उभे राहिले आणि हा रस्ता राजवाड्यापासून उत्तरेला जाणारा मिरवणुकीचा मार्ग होता. इंग्रज तिथे येण्याच्या कितीतरी आधी राजाची स्वारी इथून जात होती, आणि स्वारीच्या रस्त्याला हारांचे नाव शोभतेच. मला कॅरी यांचे म्हणणे पटते. ते पटण्याचे कारण नाव संस्कृत आहे हे नाही. काळ, जागा आणि वापर तिन्ही त्या बाजूने बोलतात, हे आहे. इथे इंग्रजी कानाने फसवले, 'माता'च्या वेळी मराठी कानाने. कसोटी दोघांनाही एकच लावली.

बोरोबुदुर आणि बाली पाहायला आता महाराष्ट्रातून पुष्कळ लोक जातात. त्यांना एवढीच विनंती: पाटीवर ओळखीचा शब्द दिसला की 'हा आपलाच' म्हणण्याआधी शेजारच्या माणसाला त्याचा अर्थ विचारा, आणि जमले तर तोच शब्द त्याच्या आजीच्या जावानीज किंवा बालीनीज भाषेत कसा आहे तेही विचारा. मग राहण्याच्या ठिकाणी परतल्यावर कोश उघडा. इंडोनेशियन भाषेचा मोठा कोश इंटरनेटवर कोणालाही फुकट पाहता येतो. आपल्या बाजूसाठी कृ. पां. कुलकर्णी यांचा 1946चा 'मराठी व्युत्पत्ति कोश' आहेच.